कुंडलिकेतलं एक दिवसाचं राफ्टिंग: पाण्याच्या वेळेवर बेत कसा आखावा

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडपर्यंत जाऊन राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीत, पाऊल न ठेवता परतणारी मंडळी दर शनिवार-रविवारी दिसतात. पैसे भरलेले असतात, नवे चष्मे-टोप्या घेतलेल्या असतात, फक्त पोहोचायला साडेदहा वाजलेले असतात. तोवर राफ्ट गेलेल्या असतात आणि पात्रातले दगड हळूहळू उघडे पडायला लागलेले असतात. मग काठावर हुज्जत सुरू होते: "अर्धा तासच उशीर झालाय, एक राफ्ट सोडा ना!" सोडता येत नाही, कारण राफ्ट असली तरी तिच्याखाली पाणी उरलेलं नसतं.

पावसाळा सोडला तर कुंडलिका नदीला राफ्ट चालेल एवढं स्वतःचं पाणी नसतं. मुळशी जलाशयाचं पाणी सह्याद्रीवरून मोठ्या नळांतून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे नदीत सोडलं जातं. सकाळी सोडलेल्या या पाण्यावरच साजे-सुतारवाडीच्या बाजूने खाली कोलाडच्या दिशेने साधारण १२ ते १४ किलोमीटर राफ्ट चालतात. पाणी काही तास राहतं आणि उतरतं. म्हणून या सहलीचा बेत घरून निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजायचा नसतो. पाण्याच्या वेळेपासून मागे मोजायचा असतो. खालचे सगळे टप्पे त्याच क्रमाने आहेत.

१. महिना, वार आणि माणसं ठरवा

निवांत सहल हवी असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी स्वच्छ, काठ हिरवा, ऊन सोसण्याजोगं. मार्च ते मेमध्येही राफ्टिंग चालतं आणि पाणी तेव्हाही गार असतं, पण परतीला अकराच्या उन्हात काठ चढताना जीव जातो. जून ते सप्टेंबरमध्ये सोडलेल्या पाण्यात पावसाचं पाणी मिसळतं. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीची असलेली नदी तेव्हा जास्त अंगावर येते, गढूळ होते, दगड दिसत नाहीत आणि काठची झाडं पाण्यात जातात. अतिवृष्टीत राफ्टिंग बंदच ठेवतात. पहिल्यांदा येणाऱ्याने, सोबत वयस्कर माणसं असतील तर नक्कीच, पावसाळा टाळावा. 'पावसात खरी मजा' हे सांगणारे बहुतेक वेळा आधी दोन-चारदा येऊन गेलेले असतात.

श्रेणीबद्दल एक शब्द. नद्यांच्या खळाळांना एक ते सहा अशी श्रेणी देतात. एक म्हणजे जवळपास संथ वाहतं पाणी, सहा म्हणजे जिवावरचा खेळ. दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत लाटा अंगावर येतात, राफ्ट उसळते, एखादा माणूस पाण्यात पडू शकतो, पण वाट मोकळी असते. कुंडलिकेचा वरचा भाग असा आहे. खाली जाल तशी ती शांत होत जाते आणि शेवटचे काही किलोमीटर तर नुसतं काठ बघत जायचे आहेत.

वार निवडता आला तर मंगळवार ते गुरुवारमधला निवडा. सुट्टीच्या दिवशी एकाच पाण्यावर खूप राफ्ट सुटतात. लाइफ जॅकेटसाठी रांग, वर नेणाऱ्या जीपसाठी रांग, आणि नदीत पुढच्या राफ्टचा कल्ला. मात्र आठवड्याच्या मधल्या दिवशी तुमचा गट लहान असेल तर ऑपरेटर, म्हणजे राफ्टिंगची सोय करणारा, तुम्हाला दुसऱ्या गटात मिसळणार. त्याची तयारी ठेवा.

आता माणसं. पोहता न येणं ही अडचण नाही, पाण्यात पडल्यावर घाबरून शेजाऱ्याला मिठी मारणं ही आहे. अडचण होते ती या लोकांना: हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट येणारे, गरोदर स्त्रिया, पाठीच्या मणक्याचा त्रास असलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले. आणि एक गट असा, ज्याला कुणी विचारतच नाही: पूर्वी खांदा निखळलेला असलेले. वल्हं मारताना किंवा राफ्टमध्ये परत ओढून घेताना तोच खांदा पुन्हा निखळतो, आणि नदीच्या मध्यावर तो बसवायला कोणी नसतं. असा खांदा असेल तर काठावरून फोटो काढायचं काम घ्या. दम्याचा पंप लागत असेल तर गाईडला आधी सांगा आणि त्याच्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत तो ठेवायला द्या.

मुलांच्या बाबतीत बहुतेक ऑपरेटर १४ वर्षांची मर्यादा ठेवतात. तेरा वर्षांच्या मुलाला "चौदा सांग" म्हणून पढवू नका. प्रश्न वयापेक्षा जॅकेटच्या मापाचा आहे. मोठ्या मापाचं जॅकेट लहान अंगावर असेल तर पाण्यात जॅकेट तरंगतं आणि मूल खाली सरकतं.

२. पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न

लोक दर विचारतात आणि फोन ठेवतात. दरापेक्षा हे विचारा:

- राज्य सरकारच्या पर्यटन संचालनालयाकडे साहसी पर्यटनाची नोंदणी आहे का? २०२१च्या धोरणापासून ती आवश्यक आहे.
- एका राफ्टमध्ये गाईड सोडून किती जण बसवता? आठपर्यंत ठीक. दहा-अकरा म्हणाले तर दुसरीकडे फोन लावा.
- सोबत सेफ्टी कयाक असते का? म्हणजे पाण्यात पडलेल्याला गाठण्यासाठी छोट्या होडीतला वेगळा माणूस. "गाईड बघून घेतो" हे उत्तर नाही, कारण गाईडला उरलेल्या सात जणांची राफ्ट सांभाळायची असते.
- जॅकेटची कोणकोणती मापं आहेत? खूप बारीक किंवा खूप स्थूल माणूस सोबत असेल तर हे नेमकं विचारा.
- पाणी सोडलंच नाही तर काय? वीजनिर्मितीची गरज, दुरुस्ती अशा कारणांनी असं होतं. पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी, निदान मोबाइलवर मेसेजमध्ये तरी घ्या.
- राफ्ट जिथे संपते तिथून परत आणायची गाडी दरात धरली आहे का? कपडे बदलायची जागा कोणत्या टोकाला आहे?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात निम्मा गोंधळ त्याच्यामुळेच होतो. नदी तुम्हाला बारा-चौदा किलोमीटर खाली नेऊन सोडते, पण तुमची गाडी, कोरडे कपडे, पाकीट सगळं वरच्या टोकाला राहिलेलं असतं. सोयीची रीत उलटी आहे: गाडी खालच्या टोकाला किंवा मुक्कामाच्या ठिकाणी लावायची आणि ऑपरेटरच्या जीपने वर जायचं. म्हणजे पाण्यातून बाहेर आलात की कोरडा टॉवेल चार पावलांवर असतो.

तपासा: हजेरीचं ठिकाण नेमकं कोणतं, याचं लोकेशन मागवून घ्या. 'कोलाड' हा पत्ता नव्हे. कोलाड नाका, ऑपरेटरचा कॅम्प आणि राफ्ट सुटायची जागा या तीन वेगळ्या जागा असू शकतात.

३. आदल्या संध्याकाळी: वेळ पक्की करून मागे मोजा

पाण्याची वेळ रोज ठरावीक मिनिटाला नसते. आदल्या दिवशी संध्याकाळी ऑपरेटरला फोन करून हजेरीची वेळ पक्की करा. आठवड्यापूर्वी सांगितलेली वेळ हा अंदाज असतो.

समजा हजेरी साडेसातची आहे. मुंबईतून, दादर धरू, कोलाड साधारण १२० किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे असा मुंबई-गोवा महामार्ग. पहाटे रस्ता मोकळा असला तर तीन तास. त्यात चहा-नाश्त्याला अर्धा तास, महामार्गावरच्या कामांसाठी अर्धा तास राखीव, पोहोचल्यावर गाडी लावून शौचाला जायला पंधरा मिनिटं. म्हणजे सव्वातीनला चाकं फिरायला हवीत. सव्वातीनला उठायचं नाही, निघायचं. चार घरांतून चार जणांना उचलायचं असेल तर पहिल्याच्या दारात अडीचला.

पुण्याहून चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे. विळ्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुतारवाडी आधी लागते, म्हणजे राफ्ट सुटण्याचा भाग कोलाडच्या अलीकडेच येतो. नकाशात नुसतं 'कोलाड' टाकून पुणेकर नाक्यापर्यंत जातात आणि तिथून मागे येतात. यात पाऊण तास सहज जातो. चांदणी चौकातून अडीच ते तीन तास धरा आणि चारला निघा. पेट्रोल पुण्यातच भरा. ताम्हिणीत मोबाइलची रेंज जाते, म्हणून लोकेशन आधी उतरवून ठेवा. धुकं असेल तर वेग अर्धा होतो, तो वेळ वेगळा धरा.

रेल्वेने यायचं असेल तर त्याच सकाळी मुंबईतून निघून पाणी गाठणं जुळत नाही. आदल्या दिवशी रोहा किंवा कोलाडला उतरून मुक्काम करा.

खरं सांगायचं तर दिवस निवांत जावा अशी इच्छा असेल तर मुक्काम हाच मार्ग आहे. अडीचला उठून, अर्धवट झोपेत घाट उतरून आलेला माणूस नदीत निवांत नसतो. परतीच्या ड्रायव्हिंगचाही विचार करायचा आहे. मात्र मुक्कामाला जाऊन रात्री दोनपर्यंत बाटल्या उघडायच्या असतील तर घरीच झोपून या. दारू उतरलेली नसेल तर चांगला गाईड राफ्टमध्ये घेत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

सावध: एक गाडी उशिरा येत असेल तर बाकीच्यांनी थांबू नये. पोहोचलेल्यांनी फॉर्म भरून जॅकेट घालून तयार राहावं. सगळ्यांनी मिळून पाणी चुकवण्यात कसलीही मैत्री नाही.

४. कपडे, पायताण आणि काय घरी ठेवायचं

जीन्स नको. भिजली की दोन किलोचं ओझं होतं, गुडघा वाकत नाही आणि राफ्टमध्ये वर ओढताना माणूस अडकतो. सुती टी-शर्टही अंगाला चिकटून गारठवतो. पटकन वाळणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी ट्रॅक पँट किंवा लेगिंग घाला. मांड्या उघड्या असतील तर राफ्टच्या रबरावर घासून लाल होतात, आणि हे दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसताना कळतं. ओढणी, सैल कुर्ता, गळ्यातली दोरी, हूडची नाडी यांतलं काही नको. जे लोंबतं ते अडकतं.

पायात जुने स्पोर्ट्स शूज किंवा टाचेमागे पट्टा असलेले सँडल. स्लीपर पहिल्याच लाटेत जाते आणि मग शेवाळलेल्या कातळावर अनवाणी उतरावं लागतं. बुटांच्या नाड्या दुहेरी गाठीने बांधून उरलेली टोकं आत खोचा. लांब नाडी राफ्टमधल्या दोरात गुंतते.

चष्म्याला मागून दोरी बांधा. मेडिकल किंवा खेळाच्या दुकानात पट्टा मिळतो, नाहीतर इलॅस्टिकची नाडी दोन्ही काड्यांना घट्ट बांधली तरी चालते. कॉन्टॅक्ट लेन्स शक्यतो नको. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, मंगळसूत्र घरी किंवा मुक्कामी ठेवा. अंगठी गेली याहून अंगठीचं बोट वल्ह्याच्या दांड्यावर चेपलं हे जास्त दुखतं.

सनस्क्रीन लावा, पण तळहाताला, मांडीच्या मागच्या बाजूला आणि कपाळाला नको. तळहात निसटतो, मांडी रबरावरून घसरते, कपाळावरचं पाण्याबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरतं. नाक, गाल, मान, कान आणि पायांचे पंजे एवढं पुरे. पंजे सगळे विसरतात.

गाडीची किल्ली कोणाकडे, हे आधी ठरवा. हल्लीच्या बटणवाल्या किल्ल्या भिजल्या की बंद पडतात. ऑपरेटरच्या कार्यालयात पावती घेऊन ठेवा किंवा गाईडच्या बंद पिशवीत द्या, आणि कुठे दिली ते दोघांना माहीत असू द्या. मोबाइल प्लास्टिकच्या गळ्यात अडकवायच्या पाउचमध्ये घालून नेऊ नका. पाउचची दोरी गळ्याभोवती असते, आणि एक हात फोनवर असणारा वल्हं मारत नाही.

खालच्या टोकाला ठेवायची पिशवी वेगळी भरा: टॉवेल, अंतर्वस्त्रांसकट पूर्ण कोरडा जोड, कोरडी चप्पल, ओले कपडे घालायला जाड पिशवी, पाण्याची बाटली, गूळपोळी किंवा चिक्कीसारखं काहीतरी गोड.

नाश्ता पाण्यात उतरण्याच्या तासभर आधी आणि हलका. पोहे, इडली, केळं चालेल. वाटेत झणझणीत मिसळ नको. ती परतीला खा. पण रिकाम्या पोटीही जाऊ नका. गार पाण्यात दोन तास वल्हं मारायला इंधन लागतं.

५. काठावर: जॅकेट आणि हेल्मेट

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त चुका होतात, आणि फोटोच्या घाईत होतात. क्रम असा ठेवा.

पहिलं, शौचाला जाऊन या. जॅकेट घातल्यावर आठवलं की ते काढलं जातं आणि परत घाईत, सैल घातलं जातं.

दुसरं, जॅकेट हातात घेऊन बघा. सगळी बकलं 'टक्' असा आवाज करून बसतात का? पट्टे ओढल्यावर ओढलेले राहतात की आपोआप सैल होतात? शिवण उसवून फोम बाहेर आलेला आहे का? तुटक्या बकलाला गाठ मारलेलं जॅकेट परत करा. मागे रांग असली तरी बदलून घ्या.

तिसरं, अंगात घालून आधी सगळे पट्टे पूर्ण सैल करा, मग बकलं लावा आणि खालून वर घट्ट करत या. सगळ्यात खालचा पट्टा बरगड्यांच्या खाली, कमरेजवळ घट्ट बसला पाहिजे. वर सरकू न देण्याचं काम तोच करतो. लोक नेमका वरचा ओढतात आणि खालचा पोटाला टोचतो म्हणून सैल ठेवतात.

चौथं, कुणाला तरी तुमच्या जॅकेटचे दोन्ही खांदे धरून जोराने वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीला लागलं किंवा कानापर्यंत आलं तर ते सैल आहे किंवा मोठं आहे. आधी घट्ट करा, तरीही वर आलं तर लहान माप मागा. ही परीक्षा गटातल्या प्रत्येकाची झाली पाहिजे. गाईड सगळ्यांची घेतोच असं गृहीत धरू नका.

पाचवं, हेल्मेट. भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकवून कपाळ उघडं ठेवणं फोटोत बरं दिसतं, पण दगड कपाळालाच लागतो. हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढीच जागा. मान जोरात हलवा. हेल्मेट आणि डोकं एकत्र हललं तर ठीक. खाली टोपी घालायची नाही, आंबाडा असेल तर सोडून खाली सैल वेणी घाला.

तपासा: खोल श्वास घेता येतो का? दोन्ही हात डोक्यावर नेता येतात का? येत असतील तर झालं. जॅकेट नको इतकं आवळलेलं वाटतंय, हे बरोबर मापाचं लक्षण आहे. पाण्यात ते थोडं सैल होतं, म्हणून पहिल्या संथ डोहात पट्टे पुन्हा एकदा ओढा.

६. राफ्टमध्ये बसणं, वल्हं धरणं, हुकूम समजणं

राफ्टच्या आत बसायचं नसतं. बाहेरच्या फुगलेल्या कडेवर बसायचं, आणि पुढचं पाऊल आडव्या नळीखाली किंवा पाय अडकवायच्या खोबणीत खोचायचं. पंजा घट्ट बसावा, पण घोट्यापर्यंत रुतू नये. पडायची वेळ आली तर तो सहज सुटायला हवा. कडेवर बसणं भीतीदायक वाटतं म्हणून लोक हळूहळू आत सरकतात. आत सरकलेल्याचं वल्हं पाण्यापर्यंत पोहोचत नाही, आणि राफ्टचा एक हात कमी होतो.

वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटा. सगळ्यात पुढे ताकदवानापेक्षा लय धरून वल्हवणारे दोघं बसवा. मागचे सगळे त्यांच्याकडे बघून वल्हं मारतात. लाटा मात्र पुढे जास्त लागतात, त्यामुळे आजी-आजोबांना मधल्या जागा द्या.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. एक हात कायम, अगदी थांबलेलं असतानाही, त्या मुठीवर ठेवा. सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर किंवा नाकावर बसते. अशा सहलीत दगडापेक्षा शेजाऱ्याचं वल्हं लागून झालेल्या जखमा जास्त. दुसरा हात पात्याच्या हातभर वर. पातं पूर्ण पाण्यात बुडवा, कमरेतून पुढे वाका आणि पाठीने ओढा. नुसत्या दंडाने ओढणारे पहिल्या वीस मिनिटांत दमतात.

गाईडचे हुकूम बहुधा इंग्रजीतच असतात. सुटण्याआधी काठाजवळ प्रत्येक हुकूम एकदा करून बघा:

- फॉरवर्ड: सगळ्यांनी पुढे वल्हवायचं.
- बॅक: उलटं वल्हवायचं. मांडीचा टेकू घेतला की जोर मिळतो.
- लेफ्ट बॅक किंवा राइट बॅक: त्या बाजूने उलटं, दुसऱ्या बाजूने पुढे. राफ्ट जागीच वळते.
- स्टॉप: वल्हं पाण्याबाहेर, मूठ हातात.
- गेट डाऊन: आत खाली बसा, एका हाताने कडेचा दोर, दुसऱ्याने वल्ह्याची मूठ.
- हाय साइड: सांगेल त्या कडेवर सगळ्यांनी झेपावायचं. राफ्ट दगडाला आडवी टेकली की हा हुकूम येतो. झेपावायचं ते दगडाच्या बाजूला. घाबरलेला माणूस दगडापासून दूर पळतो, तिकडची कड पाण्याखाली जाते, प्रवाह आत शिरतो आणि राफ्ट उलटते.

खळाळ समोर दिसला की हमखास होणारी चूक म्हणजे सगळे वल्हवायचं थांबवून दोर धरतात. गेट डाऊन ऐकू येईपर्यंत वल्हवत राहा. वेग असलेल्या राफ्टला गाईड वळवू शकतो, थांबलेल्या राफ्टला प्रवाह नेईल तिकडे जावं लागतं.

सावध: गाईडची भाषा समजत नसेल तर काठावरच सांगा. बरेच गाईड उत्तराखंड-नेपाळकडचे असतात, हिंदीत मजेत बोलतात. मान डोलावून राफ्टमध्ये चढू नका.

७. खळाळांतून शांत पाण्याकडे

पहिल्या तासात खळाळ एकामागोमाग येतात. प्रत्येक खळाळानंतर मागे वळून आपले सगळे आहेत ना, हे मोजा. मोजायचं काम एकाकडेच द्या. पुढच्या राफ्टला चिकटून जायचं नाही. ती अडकली तर तुम्ही तिच्यावर जाऊन आदळता. गाईडला मध्ये अंतर ठेवायला सांगितलं तर तो आनंदाने ठेवतो, आणि नदीचा आवाजही मग ऐकू येतो. राफ्टवरून राफ्टवर पाणी उडवायचं असेल तर उडवा, वल्ह्याने नको. हाताने.

खालच्या संथ भागात गाईड पाण्यात उतरायला सांगतो. हा सहलीतला सगळ्यात सुखाचा भाग. पाठीवर तरंगा, आकाश बघा. नियम दोनच: तो म्हणेल तिथेच उतरायचं, आणि राफ्टच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडे वाहतं त्या बाजूला, राहायचं नाही. पुढे दगड आला तर मध्ये तुम्ही सापडता. सूर मारायचा नाही. खोली वरून कळत नाही.

८. पाण्यात पडलात तर

हे काठावरच एकमेकांना मोठ्याने सांगून घ्या.

1. पाठीवर व्हा. पाय पुढे, वाहत्या दिशेला, आणि बुटांची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. दगड आला तर पाय त्याला टेकवून ढकला.
2. उभं राहू नका. पाणी गुडघाभर वाटलं तरी नाही. पाऊल दोन दगडांत अडकतं, प्रवाह पाठीवरून दाबतो आणि डोकं पाण्याखाली जातं. जॅकेट असूनही माणूस बुडतो तो असा. अगदी काठाला, पाणी थांबलेलं असेल तिथे बसल्या बसल्या सरका.
3. श्वास लाटेच्या खोलगट भागात घ्या, लाटेच्या माथ्यावर तोंड मिटा.
4. राफ्टखाली सापडलात तर हात वर करून रबर चाचपत एकाच दिशेने सरका. काही सेकंदांत कड लागते. दिशा बदलू नका.
5. दोर फेकला गेला तर दोर पकडा, तो ज्या पिशवीतून फेकतात ती पिशवी नव्हे. छातीशी धरा, एका खांद्यावरून घ्या आणि पाठीवर व्हा. मनगटाला गुंडाळू नका.
6. पाण्यात आडवं झाड किंवा फांद्यांचा गुंता दिसला तर पाठीवरून पालथे व्हा, जोराने बाजूला पोहा. टाळता आलंच नाही तर छाती त्याच्यावर नेऊन वर चढा. पाय पुढे करून कधीही शिरू नका.

राफ्टमध्ये असणाऱ्यांनी पडलेल्याला हाताने ओढू नये, खांदा निखळतो. त्याचं तोंड राफ्टकडे करून जॅकेटचे दोन्ही खांद्यांचे पट्टे धरा, गुडघे कडेला टेकवा आणि स्वतः मागे पडा. तो अलगद तुमच्या अंगावर येतो. जॅकेट सैल असेल तर मात्र जॅकेट हातात येतं आणि माणूस पाण्यातच राहतो. पाचव्या टप्प्यातली खांदे ओढायची परीक्षा याचसाठी.

९. उतरल्यावर

राफ्ट काठाला लागली तरी गाईड म्हणेपर्यंत उठू नका. सगळे एका बाजूने उतरले की ती कलंडते. कातळ शेवाळलेला असतो, वल्हं काठीसारखं टेकत चढा. जॅकेट पूर्ण काठावर आल्यावरच काढा.

आधी कोरडे कपडे, मग फोटो, मग जेवण. ओल्या कपड्यांत तासभर गप्पा मारणारेच संध्याकाळी शिंकतात. थोडं गोड खा, पाणी प्या. दुपारी तांदळाची भाकरी आणि मासे जेवून ताम्हिणीचा घाट चढायचा असेल तर ड्रायव्हरने तासभर पडावं. दोन तासांचं वल्हवणं अंगात उशिरा उतरतं.

दुपारी पाणी ओसरतं. पात्र उघडं पडतं, डबकी दिसतात, आणि 'आता काय, गुडघाभर तर आहे' म्हणून लोक मुलांना घेऊन पुन्हा उतरतात. हे करू नका. पाणी पुन्हा कधी सोडतील ते तुम्हाला कुणी येऊन सांगणार नाही. तुम्ही उतरता तेव्हा वर ऊन आणि खाली कोरडा दगड असतो, आणि वाढलेलं पाणी वळणावरून आल्यावरच दिसतं. गावातला माणूस "या बाहेर" म्हणाला तर वाद न घालता बाहेर या.

रविवार असेल आणि मुंबईला परतायचं असेल तर तीनच्या आत कोलाड सोडा. त्यानंतर अलिबागहून परतणाऱ्या गाड्या वडखळला महामार्गावर मिसळायला लागतात. नाहीतर मग संध्याकाळचा चहा नागोठण्यालाच प्या आणि आठनंतर निघा.